वाटेचा हक्क

वापी स्टेशनाबाहेर आले की रिक्षावाले आजही ‘सिल्वासा, सिल्वासा’ असा पुकारा करतात. तिथून आपल्या गावापर्यंत अर्ध्यापाऊण तासाची वाट. पण तेवढ्या वाटेत हद्द तीनदा बदलते. आधी गुजरात, मग दादरा, मग पुन्हा गुजरातचा लवाछ्याकडचा चिंचोळा पट्टा आणि त्यानंतर आपली नगर हवेली. नवा पाहुणा आला की त्याला ही गंमत सांगायची आमची जुनी सवय. पाहुणा हसतो, आणि तेवढ्यात समोरून सुताचा ट्रक अंगावर येतो म्हणून दचकून रिक्षाची दांडी घट्ट धरतो.

आपल्या प्रदेशात रेल्वे नाही. एक फूटसुद्धा रूळ नाही. माणूस, धान्य, सूत, वाळू, सळ्या, शाळेची मुले आणि दरवर्षी येणारी गणपतीची मूर्ती, सगळे काही रस्त्यावरून येते. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा ‘आपल्या गावाचा इतिहास’ लिहायला सांगितले, तेव्हा देवळे, किल्ले, राजे असा विषय आमच्या मनात आला नाही. रस्ताच आला. कारण या प्रदेशाचा इतिहास शब्दशः रस्त्यावर घडला आहे, आणि त्याच रस्त्यावर आपण दरवर्षी माणसे गमावत आहोत. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत असे आम्हाला वाटते. ते का, हे थोडे मागे जाऊन सांगावे लागेल.

मराठा आरमाराने पोर्तुगीजांच्या एका जहाजाचे नुकसान केले, त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी १७७९च्या तहात बारा हजार रुपये वसुलाची गावे देण्याचे कबूल केले. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा पोर्तुगीजांकडे गेले. दमण समुद्रकाठी, तर ही गावे आत डोंगराच्या पायथ्याशी. मधला मुलूख आधी मराठ्यांचा, पुढे इंग्रजांचा. म्हणजे दमणच्या गव्हर्नराला स्वतःच्या ताब्यातल्या गावात जायचे तर दुसऱ्याच्या जमिनीवरून चालत जावे लागे. पावणेदोनशे वर्षे हा व्यवहार बिनबोभाट चालला. सावकार, कारकून, बैलगाड्या, सागवानाचे ओंडके ये-जा करीत. हत्यारबंद शिपाई न्यायचे असतील तर मात्र इंग्रजांची परवानगी लागे. पोर्तुगालने १९२८ मध्ये आपल्या देशात रस्त्याची उजवी बाजू धरली, तरी हिंदुस्थानातल्या वसाहतींत डावीच ठेवली. शेजारचा सगळा मुलूख डावीकडून चालत असताना दुसरे काय करणार! सत्ता कोणाचीही असो, वाट शेजाऱ्याच्या कलाने चालते, ही गोष्ट या प्रदेशाने तेव्हापासून अनुभवली आहे.

१९५४ मध्ये ही वाट बंद झाली. दादरा आणि नगर हवेलीच्या मुक्तीची कथा आपल्या वाचकांना नवी नाही. २१-२२ जुलैच्या रात्री दादरा मुक्त झाले, जुलै संपता संपता नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण, राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावे दर २ ऑगस्टला आपण घेतो. निधीसाठी पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता, हेही अनेकांना ठाऊक आहे. कमी बोलली जाणारी बाब अशी, की मूठभर स्वयंसेवकांना हे जमले याचे एक मोठे कारण रस्ता होता. भारताने दमणहून येणारी पोर्तुगीज कुमक आपल्या भूमीवरून जाऊ दिली नाही. भर पावसाचे दिवस, दमणगंगा फुगलेली, आणि मदत येणार ती वाटच अडवलेली. कप्तान फिदाल्गो आपले शिपाई घेऊन खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला उधव्याला शरण आला. खानवेलहून उधव्याकडे जाणारी ती वाट आजही आहे. आपल्यापैकी कित्येकजण तलासरीला जाताना तिचाच वापर करतात.

पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. दाव्याचे नावच ‘भारतीय भूमीवरून जाण्याचा हक्क’ असे होते. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे होते, आणि न्यायाधीशांच्या पीठावर भारतातर्फे न्यायमूर्ती छागला बसले होते. मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी एक बाब या खटल्यात आहे. न्यायालयाला १७७९च्या तहाचा मराठी मजकूर आणि पुढच्या सनदा यांचा अर्थ लावावा लागला, आणि पेशव्यांनी दिले ते राज्य नव्हे, फक्त वसुलाचा सरंजाम, असे मत न्यायालयाने दिले. मोडीतला एक शब्द हॉलंडमध्ये अठराव्या शतकाचा साक्षीदार होऊन उभा राहिला! १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना तो नव्हता, हे आठ विरुद्ध सात अशा एका मताच्या फरकाने. आणि १९५४ मध्ये वाट अडवून भारताने काही गैर केले नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. पुढे ११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश रीतसर भारतात सामील झाला.

निकाल वाचताना आम्हाला एका गोष्टीची मौज वाटते. सगळा वाद कोणते लोक आणि कोणता माल रस्त्यावरून जाणार यावर झाला. रस्त्याच्या कडेने जो चालतो, रस्ता ओलांडून शेतावर जातो, त्याचा उल्लेख करण्याचे कोणाला कारणच नव्हते. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, दुबळा अशा या माणसांची वाट निराळीच होती. ती बांधावरून, जंगलातून, नदीच्या उथळ पात्रातून जाई. १९६१च्या जनगणनेत प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती, आणि बहुतेक सगळे आदिवासी. ४९१ चौरस किलोमीटरमध्ये एवढी माणसे म्हणजे कोणाला कोणाचा धक्का लागायचे कारण नव्हते. खानवेलच्या बाजाराला निघालेली मंडळी एकामागोमाग एक अशी रांगेत चालत, बायांच्या डोक्यावर मोळ्या, मागे पोरे. ही रांगेत चालण्याची सवय जंगलातल्या पायवाटेची आहे. तुम्ही संध्याकाळी रांध्याकडे किंवा दपाड्याकडे गेलात तर डांबरी रस्त्याच्या कडेने आजही तशीच रांग दिसेल. फरक एवढाच, की पायवाटेवर मागून साठ-सत्तरच्या वेगाने काही येत नसे.

मग कारखाने आले. पिपरियात १९६५ मध्ये सहकारी तत्त्वावर औद्योगिक वसाहत झाली, १९७८ मध्ये मसाट, १९८२ मध्ये खडोली. खरी लाट त्यानंतरची. विक्रीकरात आणि प्राप्तिकरात सवलती मिळाल्या, मुंबई-अहमदाबाद महामार्ग हाकेच्या अंतरावर होता, वीज मिळत होती. मुंबईचा आणि सुरतेचा कारखानदार इकडे वळला. पॉलिएस्टर सुताच्या धंद्यात सिल्वासाचे नाव देशभर झाले. इथले सूत सुरतेला जाते, तसेच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीलाही जाते. आमच्यापैकी पुष्कळजण त्याच लाटेत इथे आलो. कोणी जळगावहून, कोणी कोल्हापूरहून, कोणी गिरणी संपानंतर परळहून. १९८१ मध्ये १,०३,६७६ असलेली लोकसंख्या १९९१ मध्ये १,३८,४७७ झाली, २००१ मध्ये २,२०,४९० आणि २०११ मध्ये ३,४३,७०९. तीस वर्षांत तिपटीहून जास्त. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया २००१ मध्ये ८१२ होत्या, त्या २०११ मध्ये ७७४ उरल्या. आदिवासींचे प्रमाण याच दहा वर्षांत ६२ टक्क्यांवरून ५२ वर आले. या आकड्यांतून जे चित्र दिसते ते असे : बाहेरून आलेले, एकटे राहणारे, वीस-पंचवीस वर्षांचे तरुण, चाळीत खाटेला खाट लावून राहणारे, आणि तीन पाळ्यांत पायी किंवा सायकलीवर कारखान्यात जाणारे. रस्ता तोच, वापी-सिल्वासा आणि सिल्वासा-खानवेल. फक्त त्यावर आता कच्चा माल आत आणणारे आणि सूत बाहेर नेणारे ट्रक चोवीस तास धावू लागले.

रस्त्याची रुंदी वाढली तसा वेग वाढला. रुंद रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता अशी सर्वसाधारण समजूत असते. आमचीही होती. खड्डे बुजले, डांबर गुळगुळीत झाले की अपघात कमी होतील असे वाटायचे. झाले उलटेच. खड्ड्यांच्या रस्त्यावर माणूस पडायचा, खरचटायचे, फार तर हात मोडायचा. गुळगुळीत रस्त्यावर तो उठत नाही. याचे गणित साधे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे जाते, ८० च्या वेगाने २२ मीटर. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातोच. तेवढ्या वेळात अंधारातून रस्ता ओलांडणारा माणूस गाडीखाली आलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की सरासरी वेग एक टक्का वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. रस्ता बांधणाऱ्या खात्याला वेग म्हणजे प्रगती वाटते, आणि गाडी चालवताना आपल्यालाही तसेच वाटते. रस्त्याकडेला उभे राहिलो की मत बदलते, एवढेच.

रस्त्यावर कोण मरतो, याचे उत्तर देशाच्या आकड्यांत स्पष्ट आहे. २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. म्हणजे रोज साडेचारशेहून अधिक. त्यांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के, पायी चालणारे १९.५ टक्के. दोन्ही मिळून जवळजवळ दोन तृतीयांश. मोटारीत बसलेले त्या मानाने थोडेच. आणि १८ ते ४५ या वयातले दोन तृतीयांश. म्हणजे अगदी आपल्या कारखान्यांच्या फाटकातून पाळी सुटल्यावर बाहेर पडणारा माणूस. जगाकडे पाहिले तरी हाच प्रकार. दरवर्षी सुमारे १२ लाख माणसे रस्त्यावर जातात. त्यांतली ९२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली, जिथे जगातली ६० टक्केच वाहने आहेत.

लंडनच्या आर. जे. स्मीड या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये वीस देशांचे १९३८ सालचे आकडे मांडून एक सूत्र दाखवले होते. देशात मोटारी थोड्या असतात तेव्हा एकेका मोटारीमागे मरणारे जास्त असतात, आणि मोटारी वाढत जातात तसे हे प्रमाण घटते. सुरुवातीला गाड्या थोड्यांकडे असतात आणि रस्ता सगळ्यांचा असतो, हे त्यामागचे कारण असावे. आमच्या मते सिल्वासाची १९८५ ते २००५ ही वीस वर्षे म्हणजे या सूत्राचे चालतेबोलते उदाहरण. ट्रक आधी आला. पदपथ, दिवे, गतिरोधक, वाहतूक पोलीस, रुग्णवाहिका हे सगळे नंतर, एकेक करून आले. काही अजून यायचे आहे.

सिल्वासाचे स्वतःचे असे तीन-चार विशेषही आहेत. पहिला म्हणजे उभा ट्रक. कारखान्याच्या फाटकाबाहेर नंबर लागेपर्यंत ट्रक रस्त्याच्या कडेला रात्रभर उभे असतात, मागचे दिवे बंद. सळ्या भरलेली ट्रॉली असेल तर सळ्या मागे वावभर बाहेर, त्यांच्या टोकाला दिवसा लाल फडके आणि रात्री काहीच नाही. दुचाकीवाला येतो तो समोरच्या गाडीच्या प्रकाशाने दिपलेला, आणि थेट मागून आदळतो. दुसरा विशेष दारूचा. गुजरात राज्य झाल्यापासून तिथे दारूबंदी आहे, आपल्याकडे नाही. शनिवार-रविवारी वलसाड, सुरतेकडून येणाऱ्या गाड्यांची रीघ लागते, आणि माणसे प्यायल्यावर त्याच गाड्या चालवत परत जातात. हे बोलले की हॉटेलवाले मित्र रागावतात. रागावोत. तिसरा पाऊस. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत असा कोसळतो की रस्त्याची कड कुठे संपते आणि चर कुठे सुरू होतो ते कळत नाही.

चौथा विशेष हद्दीचा, आणि तो इतिहासातून आलेला आहे. अपघाताची नोंद जिथे अपघात होतो तिथल्या पोलीस ठाण्यात होते. आपला माणूस लवाछ्याच्या पट्ट्यात गेला तर तो वलसाड जिल्ह्याच्या खात्यावर जातो, तलासरीजवळ गेला तर पालघरच्या, आणि दादऱ्यात गेला तरच आपल्या. सिल्वासाने गमावलेल्या माणसांची एकत्र संख्या कुठल्याच एका वहीत मिळत नाही. १७८३ च्या सनदेने आखलेल्या रेघा आजही अशा आडव्या येतात. शिवाय जखमी तीस दिवसांच्या आत गेला तरच तो रस्त्याचा बळी म्हणून धरला जातो. एकतिसाव्या दिवशी गेला, किंवा पाठीचा कणा मोडून वीस वर्षे खाटेवर राहिला, तर तो या हिशेबात कुठेच नसतो. देशभरात १०० अपघातांमागे ३६ मृत्यू नोंदले जातात. हा आकडा इतका मोठा दिसतो त्यात किरकोळ वाटणारे कितीतरी अपघात नोंदलेच जात नाहीत, याचाही वाटा आहे. हात मोडलेला हंगामी कामगार गावी निघून जातो, ठाण्याची पायरी चढत नाही.

इथे आम्हाला आमच्या मित्राविषयी लिहायला हवे. त्याचे नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना ते आवडणार नाही. पण मंडळाच्या जुन्या सभासदांना तो लगेच ओळखू येईल. नव्वदच्या दशकात मंडळाचे मखर तोच करायचा. थर्माकोल कापायची तार त्याने स्वतः बनवली होती, कारखान्यातल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर. गौरी बसल्या त्या दिवशी दुसरी पाळी संपवून तो रात्री अकरानंतर स्कूटरवरून निघाला. मंडपात येऊन दिव्याच्या माळा नीट करायच्या होत्या. उभ्या ट्रकवर मागून गेला. हेल्मेट त्याच्याकडे होते, घरी कपाटावर. एवढ्याशा अंतराला काय करायचे, असे तो म्हणायचा. आम्हीही म्हणायचो.

त्याला उचलले ते एका वारली टेम्पोवाल्याने. आजूबाजूला पाच-पन्नास माणसे जमली होती, कोणी हात लावला नाही. हात लावला की पोलीस विचारणार, जबाब घेणार, कोर्टात बोलावणार, ही भीती. टेम्पोवाल्याने त्याला भाजीच्या रिकाम्या पोत्यांवर झोपवले, दवाखान्याच्या दारात उतरवले, आणि आम्ही पोचेपर्यंत तो निघूनही गेला होता. त्याचे नाव आम्हाला कधीच कळले नाही. मित्र पहाटे गेला. त्या वर्षी मखर अर्धेच झाले होते, आणि विसर्जन होईपर्यंत ते तसेच अर्धे राहिले. वहिनींनी नुकसानभरपाईचा दावा लावला, त्याचा निकाल लागायला सहा वर्षे गेली. तोवर थोरल्या मुलाने शाळा सोडून गिरणीच्या पाळीत नाव घातले होते. रस्त्यावर एक माणूस जातो तेव्हा घरातले नेमके काय काय जाते, ते कुठल्याही सरकारी तक्त्यात बसत नाही.

त्या रात्री जमलेल्या माणसांना आम्ही पुष्कळ दिवस दोष देत होतो. पुढे लक्षात आले, की दोष कायद्याचाही होता. मोटारींचा आपला पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा, सध्याचा १९८८ चा. या साऱ्या काळात मदत करणाऱ्याला संरक्षण नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये त्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आले. आता जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती नाही, आणि त्याला अडवून ठेवता येत नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजनाही लागू आहे. आमच्या त्या टेम्पोवाल्याला पळून जावे लागले नसते. ही माहिती अजून आपल्या चाळींतून, पाड्यांतून पोचलेली नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिली.

सगळे अपघात गरिबाचेच असतात असे नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला जाताना चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गेले. तो आपलाच रस्ता. मुंबईला जाताना आपण त्याच पुलावरून जातो. मागच्या आसनावर बसून त्यांनी पट्टा लावला नव्हता. महिनाभर साऱ्या देशात मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. आणि त्याआधी, २८ ऑगस्ट २००३ ला, आपल्याच दमणगंगेवरचा दमणचा पूल भर पावसाळ्यात कोसळला, शाळेची मुले घेऊन जाणारी वाहने नदीत गेली, वीसहून अधिक जीव गेले. दमणची माणसे अजून ती तारीख विसरलेली नाहीत. एकदम अनेक माणसे गेली, किंवा नाव मोठे असले, की चौकशी होते, पूल नवा होतो. एकेकटा जाणारा माणूस मात्र ‘अज्ञात वाहनाची धडक’ या तीन शब्दांत संपतो.

हे असेच चालणार, वाहने वाढली की माणसे मरणारच, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही पुन्हा हॉलंडची आठवण करून देतो. ज्या देशात आपल्या वाटेचा खटला चालला, तिथे निकालानंतर अकरा वर्षांनी, १९७१ मध्ये, रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे गेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. लोकसंख्या तेव्हा एक कोटी तीस लाखांच्या आसपास. मुलांच्या आईवडिलांनी रस्त्यावर बसून रस्ते अडवले. ‘मुलांची हत्या थांबवा’ हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. पुढच्या वर्षांत तिथे वस्तीतल्या गल्ल्यांत गाडीला पायी चालणाऱ्याच्या वेगाने जाण्याची सक्ती झाली, सायकलींना वेगळी वाट मिळाली, चौकांची बांधणी बदलली. आज मोटारी तेव्हाच्या कितीतरी पट आहेत, आणि वर्षाला जाणारी माणसे सहा-सातशेच्या घरात. तिथली माणसे आपल्याहून शहाणी आहेत असे मुळीच नाही. १९७१ मध्ये तीही आपल्यासारखीच गाडी हाकत होती. फरक रस्त्याच्या आखणीत पडला.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००६ मध्ये नगरपरिषद आली, २०१८ मध्ये सिल्वासाचे नाव स्मार्ट सिटीच्या यादीत आले, रिंग रोड झाला, शहरात दुभाजक आणि दिवे आले. गावातल्या मुख्य चौकांतून चालणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुसह्य आहे. पण शहर संपले, दिवे संपले की जुनी कहाणी सुरू होते. खानवेलच्या वाटेवर पाडा एका बाजूला, शाळा किंवा पाण्याची टाकी दुसऱ्या बाजूला, आणि मधून रस्ता. आता त्या पाड्यांतही दुचाकी आली आहे. ज्याचा बाप रांगेत चालत बाजाराला जायचा, तो मुलगा आज तिघांना मागे बसवून मोटारसायकलवर जातो. चांगली गोष्ट आहे, त्याला कोणी नावे ठेवू नये. चांगल्या प्रतीचे हेल्मेट मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी करते, असे बाहेरच्या अभ्यासांत दिसून आले आहे. पण तिघांत एक हेल्मेट, तेही आरशाला अडकवलेले, हे आपण रोज बघतो.

आमच्या मित्राच्या पुढच्या वर्षापासून मंडळाने विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन बदल केले, ते अजून चालू आहेत. मिरवणूक पाळी सुटण्याच्या वेळेला मुख्य रस्त्यावर नेत नाही. तीनच्या सुमारास पहिली पाळी सुटते, ती गर्दी ओसरली की चार वाजता निघायचे आणि दिवेलागणीच्या आत नदीवर पोचायचे. आणि शेवटच्या गाडीच्या मागे, तीस पावलांवर, दोन कार्यकर्ते लाल दिवा घेऊन चालतात. पहिली काही वर्षे हा दिवा म्हणजे कंदिलावर लाल जिलेटीन गुंडाळलेला असायचा. आता बॅटरीवरचा लुकलुकणारा आहे, आणि अंगात चकाकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे. मागे चालणाऱ्या त्या दोघांना ढोल नीट ऐकू येत नाही, गुलाल मिळत नाही, आरतीलाही ते उशिरा पोचतात. म्हणून सुरुवातीला या कामाला कोणी तयार नसे. गेली दहा-बारा वर्षे त्यांतला एक दिवा आमच्या त्या मित्राचा थोरला मुलगा धरतो. यंदाही मिरवणूक चार वाजता निघेल.